सरमिसळ झालेल्या पुंगळ्या: वेगळ्या करायच्या भानगडीत पडू नका

‘बादलीभर .३०८ च्या पुंगळ्या आहेत, काही दोनदा भरलेल्या, काही पाचदा, आता ओळखू कशा?’ तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. (पुंगळी म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच, ते पुन्हा भरून वापरतात; .३०८ हे रायफलच्या काडतुसाचं माप.) सरळ सांगतो, नाही ओळखता येणार. लांबी मोजून अंदाज बांधाल, तर ट्रिम केलेली, म्हणजे वाढलेलं तोंड कापून आखूड केलेली, पाचदाची पुंगळी कॅलिपरवर नव्याइतकीच लांब दिसते. अख्खी बादली पाचदाची धरा आणि तिथून पुढे मोजा.

डाय (उडवलेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा) लावणं, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बसवणं तुम्हाला येत असणारच, ते सोडतो.

मला सगळ्यात महागात पडला तो एक विक्रेता. नाव घेत नाही. ‘एकदाच उडवलेल्या’ म्हणून त्याने पुंगळ्या पाठवल्या. आरशासारखा माल, हेडस्टॅम्प (बुडावरचा कारखान्याचा शिक्का) सगळ्यांवर एकच, प्रायमर आधीच काढलेले. माझ्या दुसऱ्याच फेरीनंतर काहींच्या बुडापासून सेंटीमीटरभर वर एक उजळ रेघ दिसली, पूर्ण गोल फिरलेली. त्यातली एक उभी कापली. आत भिंतीला त्याच जागी खाच पडली होती आणि पितळ तिथे पापुद्र्याइतकं उरलं होतं. पुढच्या बाराला पुंगळीचा पुढचा भाग चेंबरमध्येच अडकला असता आणि गॅस मागे माझ्या चेहऱ्याकडे आला असता. दोन फेऱ्यांत सहसा असं होत नाही; त्या पुंगळ्या आधी कुणीतरी भरपूर पिळून घेतल्या होत्या.

विक्रेत्याला फोटो पाठवले. बरेच दिवस उत्तर नाही. मग म्हणे, ‘तुमच्या रायफलचा हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासा.’ तपासून घेतला, बरोबर निघाला. त्यावर, ‘एकदा भरल्या म्हणजे माल वापरला, परत घेत नाही.’ अरे, भरल्याशिवाय कळणार कसं? तेव्हापासून चकचकीत माल घेत नाही. मानेवर (गोळी धरणाऱ्या पुढच्या अरुंद भागावर) काजळी असलेल्या, जुना प्रायमर जागेवर असलेल्याच घेतो. लष्करी पुंगळी असेल तर प्रायमरभोवतीचा मूळ क्रिम्प (प्रायमर हलू नये म्हणून कारखान्यात दाबलेली कड) शाबूत हवा. एकदा प्रायमर बदलला की तो क्रिम्प तसा राहत नाही, त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा मी त्यावर विश्वास ठेवतो. (लष्करी पुंगळीचं पितळ बहुधा जाड, आत जागा कमी, म्हणून दाब वाढतो. बारुदाचा नेहमीचा चार्ज तसाच ओतू नका, मॅन्युअल बघून खालून सुरू करा.)

आता नोंदीचं. एकेका पुंगळीचा हिशेब ठेवायला जाऊ नका, लॉटचा, म्हणजे एकत्र वापरलेल्या गटाचा, ठेवा. पन्नासचा डबा, त्यात एक कार्ड: हेडस्टॅम्प, कितवी फेरी, शेवटचं ट्रिम, ॲनीलिंग (मान तापवून मऊ करणं) कधी. डबा जिथे जाईल तिथे कार्ड जाईल. संगणकावर तक्ता करणारे खूप पाहिले. तक्ता अप्रतिम असतो आणि टम्बलरमध्ये (पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या यंत्रात) तीन लॉट एकत्र फिरत असतात. घोळ होतो तो तिथे, नाहीतर रेंजवर. एका वेळी एकच लॉट टाका, कार्ड झाकणाला चिकटवा.

दुसरा घोळ अर्ध्या डब्याचा. पन्नासपैकी वीस उडवल्या आणि लगेच भरल्या की एका डब्यात दोन वयं झाली. पन्नासही उडेपर्यंत एकही भरायची नाही. हा नियम लोकांना जाचक वाटतो, मला नाही. रेंजवरून एकोणपन्नास परत आल्या तर एकोणपन्नास लिहा. जमिनीवरची ‘आपलीच असेल’ अशी पुंगळी उचलून पन्नास करू नका. बुडावर मार्करची रेघ ओढली तर आपली ओळखू येते, पण टम्बलरमध्ये ती पुसट होते, पुन्हा ओढावी लागते. बाद केलेल्या पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपा, नाहीतर ती गुपचूप डब्यात परत येते.

नोंदीचा खरा उपयोग ट्रिमच्या रकान्यात आहे. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, मी २.००५ वर आणतो. कापून फेकता ते पितळ बुडाजवळच्या भिंतीतूनच पुढे सरकत आलेलं असतं. एखादा लॉट दर फेरीला ट्रिम मागत असेल तर बहुतेक तुमची डाय खांदा (मानेखालचा उतार) फार मागे ढकलते आहे. बोल्ट रायफलला खांदा दोन हजारांश इंच मागे ढकलला तरी पुरे होतं. मान फुटली तर ती एक फेका आणि बाकी लॉटचं ॲनीलिंग करा, फक्त मानेचं. बूड मऊ झालं की पुंगळी भंगारात. प्रायमर बोटाने ढकलून बसायला लागला तर मात्र लॉटच भंगारात.

जाता जाता: चमकवायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यात ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताच्या अमोनियामुळे, हे १९२१ मध्ये उलगडलं.

मी बंदूक-कारागीर नाही, आणि घरी काडतुसं भरायची मुभा तुमच्या कायद्यात आहे की नाही हे तुम्हीच बघा. बादलीचं म्हणाल तर पेपरक्लिपचं टोक बारीक वाकवून प्रत्येक पुंगळीत आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. कुठे अडकलं की ती बाद. अडकलेल्यांपैकी एक उभी कापून फोटो टाका, बुडाजवळची कड नीट दिसेल असा.