प्रॅक्टिकलच्या दिवशीच पोटात का दुखतं?

"थिअरीत उत्तम मार्क आहेत, मग प्रॅक्टिकलच्या दिवशीच कसं पोटात दुखतं? नाटकं करतोय का हो?" बारावी सायन्सच्या मुलांचे आईवडील दरवर्षी माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतात. प्रॅक्टिकलच्या 30 मार्कांची धास्ती त्यांनाही असतेच. पण यात नाटक करणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

एका मुलाची गोष्ट त्याच्या आणि आईच्या परवानगीने सांगते. गुरुवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, बुधवारी रात्रीपासून मळमळ. पहिल्या भेटीत तो "मला जमत नाही" एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "ते राहू दे. टेबलाशी उभा राहिल्यापासून काय काय करतोस, तेवढं सांग."

तेव्हा तो बोलायला लागला. कोनिकल फ्लास्कमध्ये 60-70 अंशांपर्यंत तापवलेलं ऑक्झॅलिक ॲसिड, वरून ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, जांभळं पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. "सगळे म्हणतात झालं, झालं. मला ते पाणीच दिसतं. मला रंग दिसेपर्यंत पार जांभळं झालेलं असतं. मग सर फ्लास्क उचलून सगळ्यांना दाखवतात." सांगताना त्याची बोटं हवेतच तोटी फिरवत होती.

मी आईंना विचारलं, घरात कुणाचा रंगांचा घोळ होतो का? त्या गप्पच झाल्या. "माझ्या भावाचा. टोमॅटो पिकलाय का कच्चा, कळायचं नाही त्याला. आम्ही हसायचो." लाल-हिरव्या रंगांधत्वाचा जनुक मुलाकडे आईकडून येतो, तिला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांची इशिहारा चाचणी केली आणि तेच निघालं. "म्हणजे मी ढ नाही?" त्याचा पहिला प्रश्न हा होता.

त्याला विचारून मी सरांना भेटले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी लगेच हालचाल केली. आता जोडीदार रंग बोलून सांगतो. रीडिंग आणि कॅल्क्युलेशन हा करतो. बाटल्यांवर ठळक अक्षरात नावं आली. शिवाय पूर्ण बॅचसाठी सरांनी ठरवलं, की पायलट रीडिंग, म्हणजे पहिलं अंदाजाचं रीडिंग, कितीही चुकलं तरी जर्नलमध्ये लाल शेरा नाही, आणि कुणाचाही फ्लास्क वर धरून दाखवायचा नाही. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. हात थरथरणारी मुलं वर्गात आणखीही होती. मुलांनी ब्युरेट धरायचं आणि मुलींनी आकडे लिहायचे, ही वाटणीसुद्धा त्या निमित्ताने मोडली.

त्याची मळमळ एका दिवसात गेली नाही, दोन महिने लागले. परीक्षेआधी सरांनी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या कानावर सगळं घातलं होतं.

यंदा सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रत्येकाकडून एक बंद चिठ्ठी घेतली: इथे तुला कशाची अडचण वाटते? एका मुलीने लिहिलं होतं, लहानपणी भाजल्यापासून बर्नर पेटवायची भीती वाटते. तो आता तिची मैत्रीण पेटवते.