‘रिड्यूस्ड’ ग्राफीन ऑक्साइड मराठीत कसं लिहायचं?

माटुंग्याच्या एका प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी टिपणं काढताना त्यांनी ‘रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड’ला ‘कमी केलेले ग्राफीन ऑक्साइड’ म्हटलं आणि सहकाऱ्यांनी हरकत घेतली. (ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा सुटा, एका अणूइतका जाड कार्बनचा थर.) यात काय बिघडलं? शिवाय ऑक्सिडेशनला ‘ऑक्सिडीकरण’ म्हणणं बरोबर की ‘ऑक्सिडीभवन’?

बिघडलं ते असं की ‘कमी केलेले’ वाचून कुणालाही वाटेल, पाच ग्रॅमचं दोन ग्रॅम केलं. रसायनातल्या ‘रिडक्शन’साठी शाळेच्या पुस्तकांत रुळलेला शब्द आहे ‘क्षपण’, तेव्हा ‘क्षपित ग्राफीन ऑक्साइड’ लिहावं. ‘क्षपण’ही ‘क्षय’च्याच कुळातला, झिजवण्याचा अर्थ त्यातही आहे. पण तो रोजच्या बोलण्यात नसल्यामुळे भलता अर्थ चिकटत नाही. आणि इथे तो चिकटून चालणारच नाही, कारण क्षपणात ऑक्सिजन जातो, पण इलेक्ट्रॉन मिळतात. मग कमी झालं म्हणायचं की जास्त?

रिडक्शनचा मूळ लॅटिन अर्थ तर ‘परत आणणे’. खनिजातून धातू परत मिळवणं, या अर्थाने तो रसायनशास्त्रात आला. ग्राफाइटच्या बाबतीत तो छान लागू पडतो. हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ साली दिलेल्या कृतीत ग्राफाइटची पूड आणि सोडियम नायट्रेट गंधकाम्लात घालतात. भांडं बर्फात ठेवून पोटॅशियम परमँगनेट चिमटी-चिमटीने सोडतात, घाई केली तर मिश्रण भडकतं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं की काळं-तपकिरी मिश्रण पिवळंधमक होतं. हे ग्राफाइट ऑक्साइड. मूळच्या थरांमधलं ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर आता साधारण दुप्पट झालेलं असतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडं राहिलं तर ओल पिऊन आणखी वाढतं. हे थर पाण्यात सुटे केले की ग्राफीन ऑक्साइड. त्यातून वीज जवळपास वाहत नाही. त्यात क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल घालून तापवलं की रंग परत काळा होतो आणि वीजवहनही परत येतं.

पुरतं मात्र नाही. थोडा ऑक्सिजन चिकटून राहतो, कार्बनच्या जाळीत भोकं राहतात. म्हणून नावातलं ‘ऑक्साइड’ गाळून नुसतं ‘ग्राफीन’ लिहिण्याचा मोह आवरावा. विकणारे तो आवरत नाहीत, हा भाग वेगळा.

आता ‘करण’ आणि ‘भवन’. पाणी आपसूक उडतं ते बाष्पीभवन, सरकार बँका ताब्यात घेतं ते राष्ट्रीयीकरण. पाठ्यपुस्तकात ‘ऑक्सिडीकरण’ आहे, विश्वकोशात ‘ऑक्सिडीभवन’, दोन्ही शुद्ध. माझं मत विचाराल तर खाऱ्या हवेने खिडकीची ग्रिल गंजते ते ऑक्सिडीभवन, आणि परमँगनेट घालून आपण मुद्दाम घडवतो ते ऑक्सिडीकरण. टिपणांत ‘ऑक्सिडीकरण’च हवं. क्षपण घडवणारा पदार्थ तो ‘क्षपणक’. संस्कृत नाटकांत क्षपणक म्हणजे भिक्षू, पण रसायनाच्या वर्गात त्याने घोटाळा होण्याची भीती नाही.

बोलताना प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आरजीओ’ (रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड) असंच म्हणतात. ते खुशाल म्हणू द्यावं, पहिल्या उल्लेखात पूर्ण मराठी नाव दिलं की पुरे.