खिळ्यावरची माळ कुठाय?

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या एका मुलाला कावीळ झाली, तेव्हा मुलांनी मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. गळ्यात माळ घालायची, ती लांबत जाते तशी कावीळ उतरते. मी ‘हे खोटं आहे’ म्हटलं, तर तीन-चार मुलं उठलीच, “मॅडम, आमच्या घरी उतरलीय की!” काय सांगावं त्यांना? शिवाय रोज नवा व्हिडिओ येतो. कुठवर पुरणार?
– विज्ञान शिक्षिका, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : ताई, ती मुलं खोटं बोलत नाहीत, हे आधी वर्गात मोठ्यानं सांगा. माळ लांबते हे खरं, कावीळ उतरते हेही खरं. एकामुळं दुसरं होतं, एवढंच खरं नाही. सरळ ‘खोटं’ म्हटलं की पोराला वाटतं, मॅडम माझ्या आजीला खोटं पाडतायत. मग पुढचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही.

इथं अंबाजोगाईत माझ्याकडंही माळ घातलेले पेशंट येतात. आपल्याकडची बरीचशी कावीळ खराब पाण्यातून येते, हिपॅटायटिस ए आणि ई. त्यातले बहुतेक जण विश्रांती घेऊन काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. तोवर माळ बेंबीपर्यंत आलेली असते, श्रेय तिला मिळतं.

आता माळ वर्गातच करा. ओल्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्याच्या फासांत एकाला एक चिकटून बसवायचे. अशा दोन माळा. एक ठणठणीत मुलाच्या गळ्यात, दुसरी भिंतीवरच्या खिळ्याला. रोज मुलांनीच पट्टीनं मोजायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहायचे. कारण तुम्ही सांगू नका, थोडं थांबा. काडी वाळली की आक्रसते, फास ढिला पडतो, दोरा मोकळा होतो, हे कुणीतरी पोर स्वतःच बोलेल. खिळ्याला काही कावीळ झालेली नसते!

मग येईल त्या प्रत्येक व्हिडिओला एकच प्रश्न विचारायची सवय लावा : यातली खिळ्यावरची माळ कुठाय? म्हणजे हा उपाय ज्यांनी केलाच नाही, त्यांचं काय झालं? आणि करूनही जे बरे झाले नाहीत, त्यांचा व्हिडिओ कुणी काढला?

साप चावलेला माणूस झाडपाल्यानं वाचला, असंही फिरत असतं. चावणारे कितीतरी साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी विष सोडत नाही. असा माणूस कशानंही ‘वाचतो’. मण्यार मात्र रात्री झोपेत चावते, फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, आणि थोड्या वेळानं पापण्या जड होऊ लागतात. तिथं पाला चोळत बसलं तर माणूस हातचा जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं प्रतिविष दवाखान्यातच मिळतं, हे पोरांना पाठ हवं.

व्हिडिओखाली ऑर्डरसाठी नंबर आहे का, तेही बघायला शिकवा. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानंच बंदी आहे. तरी बिनधास्त चालतं, याचा मला फार राग येतो.

घरी जाऊन आजीशी भांडायला मात्र पोरांना लावू नका. माळ घालायची तर घालू दे, तिनं अपाय नाही. पण “आजी, रक्त तपासून घेऊ,” एवढं पोरानं म्हणावं. नाकात रस पिळणं, पोटावर डाग देणं, याला घरातल्या कुणीही होऊ देऊ नये. आणि काविळीचा माणूस गुंगीत जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, कुठून रक्त आलं, किंवा कावीळ गरोदर बाईला झाली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो. हे चार शब्द मुलांच्या वहीत लिहून द्या, घरी वाचून दाखवायला सांगा.