पीसीचं कॅबिनेट बदलताना: आधी सुतळी, मग स्क्रूड्रायव्हर

तुमची अडचण थोडक्यात अशी: नाशिकच्या सिडकोतल्या घरात आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरचा पीसी आहे, मायक्रो एटीएक्स मापाचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो), जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क. जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये उन्हाळ्यात पंखे नुसते बोंबलतात, म्हणून बाजूला काच असलेलं मिड-टॉवर, म्हणजे मध्यम उंचीचं कॅबिनेट, घेतलंय. आणि दुकानदार म्हणतो की प्रोसेसर काढावा लागेल, विंडोज पुन्हा टाकावं लागेल, मशीन दोन दिवस ठेवून जा.

यातलं काहीही लागत नाही. प्रोसेसर, त्यावरचा हीटसिंक (प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा) आणि रॅम बोर्डावर आहेत तसेच राहू द्या, बोर्ड अख्खाच्या अख्खा उचलून नवीन कॅबिनेटमध्ये बसतो. हीटसिंक उगाच काढला की थर्मल पेस्ट (दोघांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुन्हा लावावी लागते आणि त्या चार प्लास्टिकच्या पिना परत नीट बसवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, बाहेरच्या पत्र्याशी नाही. घरीच करा, पण सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग असेल तर रविवारी संध्याकाळी सुरुवात करू नका.

जुनं मशीन उघडण्याआधी एक गोष्ट बघा, आणि ही मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बहुधा वर असतो, नवीन मिड-टॉवरमध्ये तो तळाशी जातो. प्रोसेसरला करंट देणारी ४ किंवा ८ पिनांची वायर मात्र बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच लागते. म्हणजे तिला आता तळापासून, बोर्डाच्या पाठीमागून वळसा घालून वर यायचंय. स्वस्तातल्या एसएमपीएसची ही वायर अनेकदा आखूड असते. नवीन कॅबिनेटमध्ये हा सगळा वळसा सुतळीने मापा, मग जुन्यातली वायर मापा. कमी पडत असेल तर एक्स्टेंशन आधी आणून ठेवा. नाहीतर सगळं सुटं करून झाल्यावर चार बोटांसाठी काम अडतं.

मोबाइलवर भरपूर फोटो काढा. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, आधी ग्राफिक कार्ड काढा (स्लॉटच्या टोकाची खिटी दाबायला विसरू नका), मग वायरी, मग बोर्ड. मागचा आय/ओ पत्रा (बोर्डाच्या मागच्या यूएसबी वगैरे भोकांभोवतीची चौकट) जुन्या कॅबिनेटमधून सोडवून घ्या, तो तुमच्या बोर्डाचाच आहे. नवीन कॅबिनेटमध्ये तो बोर्डाच्या आधी बसवायचा. थंडीत हवा कोरडी असते, अंगात स्वेटर असेल तर बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत चला.

आता स्टँडऑफ. बोर्डाखाली जे पितळी खुंट असतात ते. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, त्यामुळे भोकांच्या जागा थोड्या बदलतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे खाली खुंट राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करतो. अंदाजाने करू नका. रद्दीचा कागद घ्या, त्यावर बोर्ड अलगद ठेवा, प्रत्येक भोकातून पेन्सिलने खूण करा आणि तो कागद नवीन कॅबिनेटच्या ट्रेवर आय/ओच्या बाजूने जुळवून धरा. खूण तिथे खुंट, खूण नाही तिथला खुंट काढून टाका. स्क्रू नवीन कॅबिनेटसोबत आलेलेच वापरा, कारण खुंटांच्या आट्यांचे दोन प्रकार बाजारात आहेत आणि चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की आटे गेलेच. स्क्रू आधी उलटा फिरवा, टक्कन बसल्याचं जाणवलं की सुलटा. सगळे अर्धे घट्ट झाल्यावर मगच पूर्ण आवळा, तेही बेताने.

बोर्ड अरुंद असेल तर त्याची उजवी कड अधांतरी राहते. एसएमपीएसचा २४ पिनांचा प्लग दाबताना त्या कडेखाली दोन बोटांचा आधार द्या, बोर्ड वाकू देऊ नका.

पुढच्या बटणांच्या बारीक वायरींना लोक फार घाबरतात. बहुतेक बोर्डांवर खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ पिना असतात, दहावी मुद्दाम नसते. एक आणि तीनवर हार्ड डिस्कचा दिवा, दोन आणि चारवर पॉवरचा दिवा, पाच-सातवर रीसेट, सहा-आठवर पॉवर बटण. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते. दिव्याची उलटी लागली तर दिवा पेटत नाही, एवढंच. तरी बोर्डाचं मॅन्युअल बघून घ्या. खरी जपायची ती पुढच्या यूएसबी ३ ची जाड, ताठ वायर. तिरकी दाबली तर बोर्डावरची पिन वाकते आणि ती सरळ करणं फार किचकट. खाच जुळवा, सरळ दाबा.

काचेचं सांगतो, कारण घरोघरी टाइल्स आहेत. टफन्ड काच सपाट दाब चांगला सोसते, पण तिचा कोपरा सिरॅमिक टाइलवर हलकेच टेकला तरी अख्खी काच क्षणात चुरा होऊ शकते. काच काढली की पलंगावर गोधडीत ठेवा, भिंतीला टेकवून नको.

पंखे: पुढून हवा आत, मागून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. तुमच्या नवीन कॅबिनेटचा पुढचा भागसुद्धा बंद काचेचा असेल तर मात्र फार फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. अजून परत करता येत असेल तर पुढे जाळी असलेलं घ्या. दिसायला साधं, पण श्वास घेतं. जाळीमागचं फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी झटकायचं.

पहिल्यांदा चालू करताना मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डात आहे ना ते बघा, बोर्डात नाही. पंखे क्षणभर फिरून थांबले तर लगेच बंद करा आणि बोर्डाखालचे खुंट पुन्हा तपासा. पंखे फिरतायत पण चित्र नाही, तर रॅम काढून खटका ऐकू येईपर्यंत दाबून बसवा.

आणखी एक, जे कॅबिनेटच्या बॉक्सवर कुणी लिहीत नाही. चालू पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा टेस्टर पेटला, तर बहुधा घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो, पण तो यूएसबी आणि मॉनिटरच्या वायरींमधूनही वाट शोधतो. जुन्या नाशकातले वाडे, पंचवटीतल्या भाड्याच्या खोल्या, सिडकोतली वाढवलेली घरं, अशा ठिकाणी भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. रबरी चप्पल घालून दिवस काढू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

सुरुवात करण्याआधी आजच जुन्या कॅबिनेटमधलं तापमान लिहून ठेवा, नुसतं चालू असताना आणि गेम चालू असताना, दुपारच्या एकाच वेळेला. नवीन कॅबिनेटमध्ये त्याच वेळी परत बघा. पुढे जाळी असूनही आकडा जागचा हलला नाही तर दोष बहुधा कॅबिनेटचा नाही, हीटसिंकची एखादी पिन निसटली असेल किंवा पेस्ट वाळली असेल. तसं झालं तर दोन्ही आकडे इथे टाका, पुढचं बघू.