दोन फासे की तीन?

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीत शिकतो. त्याला बेसबॉलचं वेड लागलंय. वाढदिवसाला फासे-कार्डांचा बेसबॉल, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कार्डं नि फासे घेऊन घरात खेळायचा खेळ, द्यायचाय. ॲपबा घेऊ की स्ट्रॅट-ओ-मॅटिक? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, डोळे मिटून स्ट्रॅट-ओ-मॅटिक घ्या.

ॲपबा १९५१ चा, म्हणजे वयाने मोठा. त्यात लाल मोठा नि पांढरा छोटा असे दोन फासे. लाल ३, पांढरा ५ पडला, की ३५. बॅटरच्या कार्डावर ३५ समोरचा आकडा बघायचा आणि तक्त्यावर निकाल शोधायचा. ६६, म्हणजे सगळ्यात भारी जोडी, पडली की अंगावर काटा यायचा! पण पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, नुसती श्रेणी. त्याचं स्वतःचं तपशीलवार कार्ड नाही.

१९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये फासे तीन. त्यातला पांढरा १ ते ३ पडला तर बॅटरचं कार्ड, ४ ते ६ पडला तर पिचरचं. बाकी दोघांची बेरीज करायची आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच वाचायचा. खरी झुंज लागते.

१९८६ च्या हिवाळ्यात जर्सी सिटीत बाहेर बर्फ, आत आम्ही दोघे रूममेट. फासे घरंगळू नयेत म्हणून आईने दिलेल्या स्टीलच्या परातीत रुमाल अंथरून टाकायचो. माझ्याकडे पिचर ड्वाइट गुडेनचं १९८५ च्या हंगामाचं कार्ड, २४ विजय, ४ पराभव. त्याच्यासमोर बॅटर डॉन मॅटिंग्ली. पांढरा फासा ५ पडला आणि मी श्वास सोडला: माझं कार्ड! ते कार्ड कोपरे झिजलेलं, अजून माझ्या पाकिटात आहे.

भाच्यासाठी त्याच्या आवडत्या संघाच्या एखाद्या हंगामाची कार्डं निवडा. आणि जोडीदार लागेलच. सुट्टीत तुम्हीच बसा.