वावर घ्यायचं, का आहे त्या वावरात पाणी आणायचं?

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेकांचा विषय एकच, शेतीत पैसा टाकला तर पुढच्या पिढीला पुरेल का. तिघांची पत्रं घेतोय, नावं वगळून.

प्रश्न : दादा नमस्कार. मी मूळचा दारव्हा तालुक्यातला, 11 वर्षं झाली पुण्यात नोकरीला आहे. घरी 7 एकर कोरडवाहू, त्यातलं 4 आजोबांचं आणि 3 बाबांनी 1998 साली 30 हजार रुपये एकरानं घेतलेलं. सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी असते. आता आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागूनच 3 एकर विक्रीला निघालंय, 11 लाख एकर म्हणतात. माझ्याजवळ 25 लाख आहेत, बाकी 10 लाखाचं कर्ज काढीन म्हणतो. जमिनीसारखी इन्वेस्टमेंट नाही असं सगळेच सांगतात, मुलगा 6 वर्षांचा आहे त्याच्यासाठी काहीतरी पक्कं करून ठेवायचंय. बहीण आहे, लग्न झालं, ती म्हणते मला काही नको. बायको म्हणते थोडं थांबा. काय करू?

उत्तर : भाऊ, वहिनी बरोबर सांगतायत, थांबा.

आधी तुमच्या बाबांचा हिशोब करू कारण सगळा मोह तिथूनच सुरू झालाय. 30 हजाराचे 27 वर्षांत 11 लाख झाले म्हणजे वर्षाला साधारण 14 टक्के चक्रवाढ पडली, फार चांगला परतावा आहे, ते नाकारून चालणार नाही. पण तुम्ही 30 हजारानं घेत नाही आहात, 11 लाखानं घेताय. हाच वेग पुढची 27 वर्षं राहिला तर एक एकर कोरडवाहू 4 कोटीला जायला पाहिजे, आता तुम्हीच सांगा त्या वावरात कोण काय पेरणार की त्याला 4 कोटी परवडतील? एखादा मोठा रस्ता किंवा एमआयडीसी आली तर गोष्ट वेगळी, समृद्धी महामार्गाच्या आजूबाजूच्या काही गावांत भाव कसे चढले ते आपण पाहिलंच, पण ते नशीब झालं, त्याच्यावर लेकराचं भविष्य बांधू नये.

आता जमीन दरवर्षी काय देईल ते पाहा. 3 एकराचे 33 लाख, मुद्रांक आणि नोंदणी धरून 35 च्या आसपास जातंय. तुम्ही पुण्यात, म्हणजे वावर मक्त्यानंच, ठरलेल्या पैशावर दुसऱ्याला कसायला जाणार. कोरडवाहूचा मक्ता एकरी 13 हजार धरला तर वर्षाचे 39 हजार येतील, म्हणजे शेकडा एक रुपया आणि वर थोडंसं. आणि 10 लाखाच्या कर्जाला 10 टक्क्यांनी पहिल्याच वर्षी लाखभर व्याज. म्हणजे जमीन तुम्हाला पोसणार नाही, तुमचा पगार जमिनीला पोसणार, आणि ज्या वर्षी नोकरीचं काही खालीवर झालं त्या वर्षी तेच वावर पडत्या भावात काढावं लागतं. माझ्या ओळखीत असे दोघं आहेत, दोघंही हुशार, दोघांनीही हप्ता पिकातून फिटेल असं धरलं होतं. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 5328 होता पण बाजार समितीत कितीनं जातं ते बाबांना विचारा, ते एका वाक्यात सांगतील.

मग शेतीत पैसा टाकायचाच नाही का? टाकायचा, जरूर टाकायचा, पण आधी त्या 7 एकरात.

तुमच्याकडे ओलित, म्हणजे पाण्याची सोय नाही आणि खरी गरिबी तिथे आहे. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी, ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, 15-20 दिवसांचा खंड पडतो आणि हिरवंगार वावर डोळ्यासमोर हलकं होतं. तेव्हा फक्त एक पाणी लागतं, एकच. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, उतार देऊन काढलेलं शेततळं भरलं की साधारण 22 लाख लिटर पाणी बसतं. 7 एकराला तुषारनं 5 सेंटिमीटर पाणी द्यायला लागतं 14 लाख लिटर. उरलेल्यातून उडून जायचं ते जाईल तरी भागतं. अस्तर टाकून, खोदाई धरून अडीच-तीन लाख लागतील, धुऱ्यासकट 12-13 गुंठे जागा जाईल, ती जाताना बाबांच्या जिवावर येईल हे आधीच सांगतो, आमच्याही बाबांच्या आलं होतं, दोन दिवस जेसीबीकडे पाहायला सुद्धा आले नाहीत.

त्या एका पाण्यानं एकरी दीड-दोन क्विंटलचा फरक मी माझ्याच वावरात पाहिलाय. दीडच धरा, भाव साडेचार हजारच धरा, 7 एकराचे 47 हजार होतात. म्हणजे 3 लाखाचं तळं जवळपास 47 हजार देतंय आणि 35 लाखाचं वावर 39 हजार. खंड पडलाच नाही त्या वर्षी तळ्याचा हा फायदा दिसणार नाही, पण मग ते पाणी हरभऱ्याला पेरणीच्या ओलीसाठी कामी येतं. मला इतकंच म्हणायचंय भाऊ, एकर वाढवण्याच्या आधी एकराची ताकद वाढवा. विहिरीचं पण पाहा, मात्र भूजल खात्याच्या माणसाकडून जागा दाखवून घ्या. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी मुरमात नाहीतर दगडाच्या सांध्यात सापडतं, म्हणून नुसता खोल बोअर मारला की पाणी लागतंच असं नाही, लोकांनी एकाच वावरात चार-चार बोअर कोरडे पाडलेत.

पाणी झालं की मग झाड. पिढीला पुरणारी गोष्ट झाडच आहे, पण घाई नको. संत्रा, मोसंबी लावायचा विचार असेल तर आधी तीन फूट खोल खड्डा खणून माती पाहा, खाली पांढरी चुनखडी किंवा पाणी धरून बसणारी चोपण काळी माती निघाली तर त्या तुकड्यात संत्रा नको. मी सांगतो कारण माझा असाच एक बगीचा गेला. दोनशे कलमा लावल्या, 6 बाय 6 मीटरवर, एकरी 110 च्या आसपास बसतात. भर लावताना मजुरांनी आणि मी माती वर ओढत गेलो आणि कलमेचा डोळा, जिथे खुंटावर संत्र्याची काडी बांधलेली असते ती जागा, मातीखाली गेली. तो जमिनीच्या वर वीतभर उघडाच राहायला पाहिजे. सातव्या वर्षी बुडाजवळ डिंकाचे थेंब दिसले, नखानं साल खरडली तर आत तपकिरी, ओली. तोपर्यंत फळ जेमतेम दोन वेळा निघालं होतं. संत्र्याला पहिली पाच वर्षं नुसतं घालत राहायचं असतं, म्हणून सुरुवातीची चूक तुम्हाला सातव्या वर्षी कळते आणि तेव्हा गेलेली वर्षं परत येत नाहीत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असं मिळतं, झाडं दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के जिवंत लागतात, त्यामुळे उन्हाळ्यातलं पाणी पक्कं नसेल तर योजनेच्या मागे लागून लागवड करू नका.

आणि आता जे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं, बहीण. ती मला काही नको म्हणते हे तिचं मोठेपण, पण कागद मोठेपणावर चालत नाही. आजोबांचं 4 एकर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं हे अजून स्पष्ट केलं, तो हक्क जन्मानं आहे, 2005 साली वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही. बाबांनी घेतलेलं 3 एकर त्यांच्या कमाईचं, त्याचं मृत्युपत्र ते करू शकतात. तुम्ही उद्या तळं, विहीर, झाडं यावर 10 लाख घालणार आणि सातबारा एकत्र राहणार, मग पंधरा वर्षांनी तुमची भाचरं आणि तुमचा मुलगा त्याच विहिरीवरून कोर्टात उभे. हे मी भीती घालायला लिहीत नाही, तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसून या, निम्मी गर्दी अशीच असते. बाबा धडधाकट आहेत तोवर चौघांनी एकत्र बसा, बहिणीला काय द्यायचं ते मनापासून ठरवा, जमीन नाही तर पैसा, आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदाराकडून वाटणी करून घ्या किंवा वकिलाकडून पक्का दस्त करा. पैसा नंतर ओता.

हे सगळं झाल्यावर, तीन-चार वर्षांनी, हातात रोख उरली आणि तेच शेजारचं वावर अजून असेल तर कर्ज न काढता घ्या, धुऱ्याला लागून असलेलं वावर चांगलंच असतं. तेव्हा इसार देण्याच्या आधी सातबारावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 (वर्ग 2 ला विकायला परवानगी लागते), इतर हक्काच्या रकान्यात कर्जाचा बोजा काय, पांदण म्हणजे वावराचा रस्ता कुठून आणि ती कागदावर आहे का, हे पाहा. आणि विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्यात कलम 89 आहे, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तुमचं नाव आज कुठल्याच सातबारावर नसेल तर शेतकरी दाखल्याचं तहसीलमध्ये आधी विचारून घ्या.

प्रश्न : मी मेहकरकडचा निवृत्त शिक्षक. एक कंपनीचे लोक येतात, म्हणतात 3 लाख भरा, तुमच्या नावानं चंदनाची झाडं लावतो, देखभाल आमची, 12 वर्षांनी 30 लाख. नातीच्या लग्नासाठी ठेवावे का?

उत्तर : नका ठेवू गुरुजी, कृपा करून नका. 1990 च्या दशकात हेच सगळं सागवानाच्या नावानं झालं, कितीतरी मास्तर, क्लार्क लोकांचे पैसे गेले, त्यानंतर 1999 ला सेबीनं अशा सामूहिक योजनांसाठी नोंदणी सक्तीची केली. त्यांना एवढंच विचारा, सेबीची नोंदणी दाखवा, आणि माझ्या नावाचा सातबारा कुठल्या गटाचा? चंदन अर्धपरोपजीवी झाड, शेजारच्या झाडाच्या मुळांतून खातं, गाभा धरायलाच वर्षं जातात आणि गाभा धरला की चोर येतात. 12 वर्षांचा पक्का आकडा कोणी देत असेल तर त्यानं चंदन लावलेलं नाही असं समजा. नातीसाठी पोस्टात टाका, सुकन्या समृद्धी योजना बसत असेल तर तिथे. आणि झाडाची हौस असेल तर स्वतःच्या धुऱ्यावर 40 साग लावा आणि तलाठ्याकडून सातबारावर नोंद करून घ्या, सागाला तोडायची परवानगी लागते तेव्हा ती नोंद कामी येते.

प्रश्न : दादा, मी वरुड तालुक्यातली. दिवाळीनंतर मालक वारले, पोरगी दहावीला, पोरगा सातवीत. दोन एकर संत्र्याचा बगीचा, सासऱ्याच्या वाटणीतून यांच्या नावावर आलेला. दीर म्हणतात नावाची काय घाई, आम्ही आहोतच ना, आणि एका कागदावर सही मागतात, बँकेच्या कामाचा आहे म्हणतात. बगीचाही ते व्यापाऱ्याला झाडावरच देऊन टाकतो म्हणतात. मला शेतीचं काही कळत नाही असं सगळे म्हणतात पण आजवर पाणी मीच धरत होती.

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. जी बाई आजवर बगीच्याला पाणी धरत आली तिला शेतीचं कळत नाही असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

त्या कागदावर सही करू नका. कागद घरी मागा, मोबाइलवर फोटो काढा, शाळेतल्या सरांना किंवा वकिलाला वाचायला द्या. त्यात "हक्कसोड" हा शब्द कुठेही असला तर तो बँकेचा कागद नाही. हक्कसोडपत्र नोंदवलं गेलं की मागे फिरवायला कोर्टाची पायरी, आणि वर्षं. दिरांच्या मनात वाईट असेलच असं मी म्हणत नाही, बरेचदा लोकांना खरंच वाटतं की बाईच्या नावावर जमीन गेली की घराबाहेर गेली, पण तुमच्या लेकरांचं पोट त्या समजुतीवर नाही ठेवता येत.

मालकाच्या मागे त्या बगीच्यावर तुमचा, दोन्ही लेकरांचा आणि सासूबाई असतील तर त्यांचा, असा हक्क लागतो. दिरांचा त्यात नाही. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह तीन महिन्यांच्या आत द्या, तुमचं नाव वारस म्हणून लागेलच, आणि लेकरं लहान आहेत म्हणून त्यांच्यासाठी अज्ञान पालनकर्ती, म्हणजे अल्पवयीन वारसांची पालक, म्हणूनही लागेल. 2025 मध्ये सरकारनं मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला "जिवंत सातबारा" मोहीम काढली, तिची सुरुवात आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातून झाली होती, त्यामुळे हे काम गावात कुणाला नवीन नाही, टाळाटाळ झाली तर तहसीलमध्ये जा. नाव नाही लागलं तर पीक कर्ज नाही, विमा नाही, शेतकरी ओळख क्रमांक नाही, आणि गारपिटीची मदत आली तर ती मयताच्या नावावर अडकून बसते.

झाडावरच्या सौद्याचं असं आहे की बगीचा देण्यात चूक नाही, आपल्याकडे बहुतेक असाच जातो. पण सौदा तुमच्यासमोर व्हायला पाहिजे. तुम्ही स्वतः ओळीओळीत फिरा, पाच-दहा झाडांची फळं मोजा, त्यावरून सगळ्या बगीच्याचा अंदाज बांधा, दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. इसार तुमच्या खात्यात, रोख दिरांच्या हातात नाही, तोडाईची शेवटची तारीख आणि फळगळ झाली तर नुकसान कोणाचं, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. तारीख लिहाच, कारण भाव पडला की व्यापारी फळ झाडावर ठेवतो, झाड थकतं आणि पुढच्या आंबिया बहाराच्या तानावर, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडतो त्यावर, परिणाम होतो, ते नुकसान तुमचं.

एक अजून, वरुडकडे पाणी खूप खोल गेलंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पहिल्या सौद्याच्या पैशातून घर दुरुस्ती नंतर करा, ठिबकच्या नळ्या आधी पाहा, चोकअप असतील तर बदला, आणि मेलेल्या झाडांच्या जागी नवीन कलमा लावताना डोळा मातीच्या वर ठेवा. अर्ज दिला की पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासह, आणि ती पोच पोरीच्या हातानं फाइलला लावा, तिला पण माहीत असू द्या कुठे काय ठेवलंय. नोंद झाली की मला परत एक पत्र टाका.