मेळघाटातल्या आजारावर अभ्यास करायचा तर
हे पाय भाऊ, "आदिवासी आहे म्हणून आजारी" असं रिपोर्टात चुकूनही लिहू नको. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, घरकर्ज अडलं, अन् त्यातल्या कित्येक भागांत आजबी दम्याचे पेशंट जास्त सापडतात. इथंबी तसंच, आजारामागं कोणतं धोरण आहे ते शोध. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) चा डेटा घे पण तिथंच थांबू नको, धारणीकडच्या गावात बसून विचार, पावसाळ्यात रस्ता बंद पडते का, रोहयोची मजुरी कधी जमा झाली, रेशनच्या अंगठ्याले रेंज भेटते का, २००६ च्या वनहक्क कायद्यातला दावा कुठं अडकला. सिकलसेल हा रक्ताचा आजार मायबापाकडून येते हे खरं, पण गोळ्या वेळेवर भेटणं हे धोरणाचं काम आहे. अन् कोरकू बोलणारी आशाताई सोबत घेच, नाहीतर गावातली बाई तुह्या प्रश्नाले नुसती हो म्हणून मोकळी होते.